अर्थ मला माहीत होता

आमच्या ह्यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रेमाचं गाणं पाठ केलं, तेही स्पॅनिशमधलं. हसायचं तर हसून घ्या. मी पण लोकांना हसवलं होतं, आणि त्याचंच सांगायला बसलेय.

गाणं आमच्या नातीच्या मोबाइलवरचं. तिकडच्या कुणा तरुण गायकाचं. आवाज असा, की आत्ताच रडून, तोंड धुऊन आलाय. त्यानं एकच गाणं दोनदा म्हटलंय, एकदा इंग्रजीत आणि एकदा त्याच्या घरच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये. ह्यांना आधी इंग्रजीतलं आवडलं. इंग्रजीचा ह्यांना पहिल्यापासून नाद. सासरे इथेच महूच्या छावणीत, फौजेत होते, त्यामुळे घरात साहेबांचे शब्द फिरायचे. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं मी पेपर वाचून वाचून आपलं आपण शिकले.

रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा हे करतात. ओट्यावर मोबाइल ठेवायचा, चहा उकळेपर्यंत गाणं थांबवून थांबवून एकेक ओळ मला समजावून सांगायची. तो मुलगा म्हणतो, परत ये, मी तुझ्यासाठी हे करीन नि ते करीन.

मी म्हटलं, "ह्याची नुसती मागणीच चाललीय की. मुलीला काही विचारतोय का तो?"

नात कॉलेजात स्पॅनिशचा क्लास करते. ती म्हणाली, "आजी, दुसऱ्या गाण्यात वेगळं आहे हं. चाल तीच, पण शब्द बदललेत." तिनं सांगितलेला अर्थ असा: तू बोलत राहा, मी ऐकत बसतो, तू गप्प झालीस की मला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बरोबर आहे."

"ओ हो, नाना!" नात ओरडली. मी म्हटलं, "दुधाकडे बघा आधी, उतू चाललंय." पण कान गरम झाले होते माझे. मी किती बोलते ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. त्याचं कुणी असं गाणं करील, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग ह्यांनी जुन्या डायरीत ते शब्द देवनागरीत उतरवून घेतले. दोन महिने रोज सकाळी तालीम. 'र' म्हणताना जीभ थरथरवायची असते म्हणे, तर दाढी करतानासुद्धा बाथरूममधून र्रर्र ऐकू यायचं. म्हणाले, "पन्नासाव्याला म्हणणार आहे, सगळ्यांसमोर." मी "काहीतरीच" म्हटलं, पण नको म्हटलं नाही.

लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी दुपारी हॉल घेतला होता. सुरुवातीची वंदना म्हणून झाली, हार झाले, मागे दाल-बाफल्यांचा, तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा घमघमाट. पुण्याहून सूनबाईची आई आली होती. बाई चांगली आहे, मनात काही नसतं तिच्या. पण शिक्षिका होती, मराठी कशी चाळून घेतल्यासारखी स्वच्छ, आणि तिच्यासमोर माझी जीभ अडखळते. त्या दिवशी मी सहज, आमच्या हिंदी मिसळलेल्या बोलीत विचारलं, "विहीणबाई, दालमध्ये नमक बरोबर आहे ना?" तर ती शेजारच्या बाईला म्हणाली, "नमक! किती गोड बोलतात ना या!" ती कौतुकानं म्हणाली असेल. मला मात्र ते टोचलं, आणि टोचलेलं तसंच राहिलं.

तेवढ्यात ह्यांनी माइक घेतला. डायरी हातात होती, पण उघडली नाही. सूर इकडेतिकडे झाला, 'र' मात्र बरोबर थरथरला. आणि गाणं संपेपर्यंत हे माझ्याकडे बघत होते. माझा दीर मागून म्हणाला, "वा भिया, वा!" टाळ्या झाल्या. मग विहीणबाईंनी मोठ्यानं विचारलं, "वहिनी, छानच हो! पण अर्थ काय त्याचा?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता हे मी माझ्या खिचडी भाषेत सांगणार, आणि ही परत म्हणणार, किती गोड. मी पदर तोंडाशी नेला आणि म्हटलं, "मला काय ठाऊक! म्हातारपणी चळ लागलाय ह्यांना. मिरची लागल्यासारखे र्रर्र करत फिरतात घरभर."

हॉल खो खो हसला. हे पण हसले. माइक ठेवून म्हणाले, "चला, चला, बाफले थंड होतील."

त्यानंतर चहा हेच करायचे, पण आपला कप घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. मोबाइल नाही, डायरी नाही. विचारलं तर, "काही नाही गं." रागावले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. मला वाटलं, ह्यांची समजूत झालीय की दोन महिने सांगितलेलं सगळं मी विसरले, ह्यांची मेहनत फुकट गेली. ह्यांच्यासमोर बसून "मला माहीत होतं" म्हणायचं, तर पन्नास वर्षांत असलं काही बोललेच नाही आम्ही, तोंड कसं उघडणार?

म्हणून महिन्याभरानं एका सकाळी, हे समोर पेपर वाचत असताना, मी विहीणबाईंना फोन लावला. मुद्दाम मोठ्यानं बोलले. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. अर्थ मला चांगला माहीत होता." आणि जसा आला तसा सांगितला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, आमच्याकडे हे कुणी मराठीतसुद्धा म्हटलं नाही कधी. मी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकू का?" मला इतकं हलकं वाटत होतं की मी म्हटलं, "टाका की!"

पाच मिनिटांत ह्यांचा मोबाइल टिंग टिंग करायला लागला. बदाम, टाळ्या, दिराचं "क्या बात है भिया, भाभीजी बोलेंगी, आप सुनेंगे". ह्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं.

"हे कशाला सांगितलंस त्यांना?"

"तुम्हाला कळावं म्हणून. मला अर्थ ठाऊक होता, हे."

"ते मला माहीत नव्हतं का? मीच तर सांगत होतो तुला रोज." पेपरची घडी घालत म्हणाले, "इंग्रजीतलं म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तर हे पाठ केलं. तुझं तुला कळलं की झालं होतं माझं."

म्हणजे मी खोटं बोलतेय हे ह्यांना तिथेच, हॉलमध्येच कळलं होतं. आणि तरी लोकांबरोबर हसले, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. आणि मी काय केलं? जे एकटीला दिलं होतं ते आधी नाकारलं, मग गावभर वाटलं.

मी धावत विहीणबाईंना परत फोन केला, म्हटलं, तो मेसेज पुसून टाका. ती म्हणाली, "अहो, आता सगळ्यांनी वाचला. झालं काय पण?"

मी फोन ठेवला.

"राहू दे आता," हे म्हणाले. मोबाइलचा आवाज बंद केला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.