अख्खा तांदूळ आणि बारा बोअर

आमच्या घरी सेमी-ऑटोमॅटिक आली, त्या संध्याकाळी शेजारच्या सामंत काकू दोन चादरी घेऊन आल्या.

यात काकूंची काही चूक नाही. ताई आणि बाबा ठाण्याहून लांबलचक खोकं घेऊन निघाल्याचा फोन आला, तेव्हा आईने गॅलरीतून काकूंना एवढंच सांगितलेलं, "मेधाची सेमी-ऑटोमॅटिक आली एकदाची." आणि मानपाड्यात सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू.

"किती किलोची?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"सव्वातीन," ताई म्हणाली. (ती खरं बोलायला कधीच बिचकत नाही.)

"एवढीशी? मग चादर कशी मावणार?"

"काकू, ती बंदूक आहे."

काकूंनी जरा विचार केला. "म्हणजे ड्रायर नाहीये."

माझी थोरली बहीण मेधा एका बँकेत क्लार्क आहे आणि रविवारी ती हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडते. हा रीतसर खेळ आहे, त्याला स्पर्धा असतात, पदकं असतात. नऊ वर्षं ती हा खेळ क्लबच्या बंदुकीने खेळली. त्या बंदुकीचा खांद्याला टेकवायचा दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा, आणि ताई पाच फूट एक इंच. परवान्यासाठी ठाण्याच्या खेपा तिने दोन वर्षं घातल्या. त्यातलं दीड वर्ष आमच्याच घरातल्या माणसांची नावं एकमेकांशी जुळवण्यात गेलं, कारण बाबांचं आडनाव प्रत्येक दाखल्यावर वेगळ्या वेलांटीचं होतं. शेवटी तिला परवडणारी, त्या जातीतली सगळ्यात स्वस्त अशी तुर्की बनावटीची बारा बोअर घरी आली. जन्माला आल्यापासून ताईच्या नावावर झालेली ही पहिली मोठी वस्तू.

आता अडचण अशी की राज्याची निवड स्पर्धा चार आठवड्यांवर होती. मागची दोन वर्षं ताई दोन-तीन तबकड्यांनी हुकलेली. क्लबची बंदूक यंदा नव्या मुलींना दिलेली. म्हणजे ही चालली तर ताई स्पर्धेत, नाही चालली तर ताई घरी. आणि स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक खोक्यातून काढली की लगेच चालत नाही. एक काडतूस उडालं की त्याच्याच जोरावर ती रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं वर घेते. पण नवेपणी तिचे सांधे आखडलेले असतात, म्हणून आधी शेकडो काडतुसं उडवून तिला रुळवावी लागते.

इथे मला माझी भूमिका स्पष्ट करणं भाग आहे. आमचे बाबा एमआयडीसीतले निवृत्त फिटर, आणि युनियनची पत्रकं लिहायचे ते. मी बाराखडी शिकलो तीच 'कामगार बंधू-भगिनींनो' या मजकुरावर बोट फिरवून. पहिलीत बाईंनी 'ब' वरून शब्द विचारला तर वर्ग 'बदक' म्हणाला आणि मी 'बडतर्फी'. असा वाढलेला माणूस घरात शस्त्र आल्यावर गप्प कसा बसेल? जेवताना मी उभं राहून तीन मुद्द्यांत निषेध नोंदवला. एक, समाजात शस्त्राचं आकर्षण वाढतंय. दोन, खेळ म्हटलं तरी शस्त्र ते शस्त्रच. तीन, मी त्या वस्तूला हात लावणार नाही.

"चौथा लिही," ताई म्हणाली. "परवान्याशिवाय तुला हात लावू देणारही नाही. बस आता, आमटी थंड होतेय."

पुढच्याच आठवड्यात दसरा आला. इतकी वर्षं आमच्या शस्त्रपूजेच्या पाटावर विळी, बाबांचे पाने आणि एक पक्कड एवढाच शस्त्रसाठा असायचा. यंदा आईचा उत्साह बघण्यासारखा होता. अक्षतांसाठी तिने सकाळपासून एकेक तांदूळ निवडला, कारण अक्षता म्हणजे अख्खा दाणा, तुकडा चालत नाही. ताईने बंदूक कुलपातून काढली, दोनदा तपासली आणि पाटावर उघडी ठेवली. रिकामी बंदूक नेहमी अशी उघडी ठेवतात, म्हणजे रिकामी आहे हे लांबूनही कळतं. उघडी म्हणजे तिच्या कुशीत आगपेटीपेक्षा जराशी मोठी खाच, आ वासलेली.

"आई, फूल दस्त्यावर. कुंकू दस्त्यावर. आत काही जाता कामा नये," ताईने बजावलं आणि फोटोसाठी फळीवरचा फोन घ्यायला वळली.

तेवढ्यात मी बाहेरून आलो.

"आलास? टाक चार अक्षता," आई म्हणाली.

"आई, हे यंत्र आहे. यंत्राला तेल लागतं, तांदूळ नाही."

"सणाच्या दिवशी भाषण नको. टाकतोस की नाही?"

"टाकतो. पण निषेध म्हणून."

आणि मी चपला न काढता, तोंड दुसरीकडे करून, दारातूनच मूठ भिरकावली. श्रद्धेने टाकलेल्या अक्षता हळू पडतात. माझ्या तत्त्वाने टाकलेल्या होत्या.

रविवारी अख्खं घर ओळखीतल्या एकाच्या व्हॅनमधून कल्याणच्या पुढच्या माळावर, ताईच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलं. आई डबा घेऊन, बाबा स्क्रू ड्रायव्हरचा संच घेऊन, आणि मी निरीक्षक म्हणून (हात मागे बांधून). तिथे ताईचे कोच म्हात्रे सर होते. सर जवळच्याच गावचे, बोलणं मोजकं.

पहिला वाद काडतुसांवरून झाला. ताईने हलकी आणि भारी अशी दोन्ही आणलेली.

"आधी हलकी," बाबा म्हणाले. "नवं मशीन हळू चालवायचं असतं. स्कूटर घेतली तेव्हा पहिले पाचशे किलोमीटर मी चाळीसच्या वर गेलो नव्हतो."

"नंतर तरी कुठे गेलात?" आई म्हणाली.

ताईने बाबांचा मान राखला. पाच हलकी काडतुसं उडाली आणि पाचही वेळा रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकलं, दारात सोफा अडकावा तसं. मग मी माहितीपुस्तिका वाचून दाखवली. (पुस्तिकेला हात लावणार नाही असं मी कुठेच म्हटलेलं नव्हतं.) त्यात स्पष्ट होतं की सुरुवातीची काडतुसं भारीच हवीत, हलक्यांच्या जोराने नवे सांधे सुटत नाहीत.

ताईने भारी भरली. आवाज माळभर घुमला आणि रिकामं काडतूस टणकन बाबांच्या पायाशी पडलं. दुसरं. तिसरं. ओळीने सहा.

"उलट्या डोक्याचं मशीन आहे," बाबा खूश होऊन म्हणाले. "आपल्याकडे रमेल."

सातव्याला ती थांबली. रिकामं बाहेर पडलं, पण पुढचं वर येईना. ताईने नळी समोरच ठेवून सगळं रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. म्हात्रे सरांनी काडतुसांची पेटी उचलून बाजूला ठेवली.

"स्वस्तातली हाय गो," ते म्हणाले. "दे परत धाडून. या येळेला स्पर्धा सोड."

ताई चष्मा काढून ओढणीने पुसत बसली. ती रडत नाही. ती गप्प बसते, आणि आम्ही सगळे तिच्या रडण्यापेक्षा त्यालाच जास्त घाबरतो. परत पाठवणं म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा ठाणे, पुन्हा वेलांट्या, आणि आणखी एक वर्ष सहा फुटी दस्ता.

"मेधा," बाबा म्हणाले, "तू समोर बस. मी उघडून बघू?"

तिने मान डोलावली. बाबांनी दोन खिळ्या ढकलून बंदुकीच्या पोटातला चाप आणि पट्ट्यांचा जुडगा अलगद बाहेर काढला आणि आईच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. चाळीस वर्षं मशीनं उघडलेला माणूस. त्यांची बोटं इतकी हळू आणि खात्रीने फिरत होती की म्हात्रे सरही पुढे सरकले. काडतूस वर उचलणारी एक पट्टी आहे, तिच्याखाली बाबांनी आईची हेअरपिन घातली आणि काहीतरी लाल बाहेर ओढलं.

सगळे वाकले.

"हा तांदूळ आहे," बाबा म्हणाले.

"बंदूक हाय का देवारा?" म्हात्रे सर म्हणाले. मग दाणा जवळून बघत, "कंचा तांदूळ?"

"वाडा कोलम," आई म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिला मागाहून कळलं.

आता सगळे आईकडे बघायला लागले. बाबांनी आणखी तीन दाणे काढले. चारही अख्खे.

"तुकडा असता तर खालच्या खाचेतून केव्हाच गळून गेला असता," बाबा म्हणाले. "अख्खा म्हणून अडकला. धक्क्यांनी सरकत सरकत नेमका पट्टीखाली."

"मी दस्त्यावर वाहिल्या रे अक्षता," आई म्हणाली. "दस्त्यावरच. मेधाने सांगितलेलं मला."

आयुष्यभर मी लोकांना जबाबदारी घ्यायला सांगणारी पत्रकं वाटली होती. ती स्वतः घ्यायची वेळ आली तर काय म्हणायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"घडलेल्या प्रकाराची संपूर्ण जबाबदारी..." मी सुरुवात केली.

"मराठीत बोल," ताई म्हणाली.

"मी टाकल्या. दारातून. निषेध म्हणून."

मग म्हात्रे सरांनी विचारलं, "दार किती लांब?"

"आठ फूट."

"बघून टाकल्यास?"

"नाही. तोंड दुसरीकडे होतं."

सरांनी ती खाच बोटाने मोजली, माझ्याकडे पाहिलं आणि ताईला म्हणाले, "ह्याला का नाय आणलंस गो इतकी वर्षं?"

ताई हसायला लागली. इतकी हसली की चष्मा पुन्हा पुसावा लागला. आईने त्याच हेअरपिनने केस बांधले आणि मला डब्यातला एकही घावन मिळणार नाही असं जाहीर केलं.

बाबांनी जुडगा पुसून परत बसवला, ताईने काडतूस भरलं, आणि बंदूक चालली.

शिक्षा म्हणून माझ्या हाती तबकडी सोडण्याचं बटण आलं. ताई "हां" म्हणाली की दाबायचं, इतकं सोपं. पण म्हात्रे सर फोनवर कुणाला तरी "हां, बोल" म्हणाले आणि मी तबकडी सोडली. आई "हां, झाला का चहा" म्हणाली, मी सोडली. दोन तबकड्या कुणीही न बघता निवांत जाऊन पलीकडच्या गवतात पडल्या. तिसरीला ताईच "हां" म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "हे खरं का?"

पण त्यानंतर मी जे पाहिलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नऊ वर्षं मी तिची रेंज कधी पाहिलीच नव्हती, तिच्यावर मतं तेवढी मांडत होतो. तबकडी सुटते आणि डोळ्यांना नीट दिसेपर्यंत निघूनही जाते. तेवढ्यात ताईचे खांदे वळतात, घाई नाही, झटका नाही, आणि आभाळात नारिंगी धूळ उरते. भारी काडतुसाचा धक्का असा की मागे उभ्या माणसाच्या छातीत जाणवावा. तिने तीन रविवारांत तसली दोनशे उडवली. उजवा खांदा जांभळा पडला, आई आंबेहळदीचा लेप लावायची, आणि सोमवारी ताई काउंटरवर डाव्या हाताने शिक्के मारायची. कुणी विचारलं तर सांगायची, "नवीन सेमी-ऑटोमॅटिक घेतलीय, रुळायला वेळ लागतोय." लोक म्हणायचे, "हो ना, फुली-ऑटोमॅटिकच घ्यायची."

तिसऱ्या रविवारी तिने हलकी काडतुसं भरली. पंचवीस उडाली, पंचवीस रिकामी बाहेर पडली, एकही अडकलं नाही. बाबांनी पंचविसावं काडतूस उचलून खिशात टाकलं आणि फक्त "बसलं मशीन" म्हणाले. निवृत्तीच्या दिवशी सुद्धा त्यांचे डोळे इतके भरलेले मी पाहिले नव्हते.

निवड स्पर्धेत ताई शेवटच्या फेरीपर्यंत दोनाने मागे होती. त्या फेरीत तिची एकच तबकडी हुकली. बंदूक एकदाही थांबली नाही. ताई एका तबकडीने राज्याच्या संघात गेली, आणि मी प्रेक्षकांत इतका ओरडलो की एका पंचांनी येऊन मला शांत राहण्याची विनंती केली. शस्त्रांबद्दलची माझी मतं आजही तीच आहेत आणि मी ती कुणापुढेही मांडायला तयार आहे. मात्र ती मांडताना आता मी पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं उदाहरण टाळतो, कारण त्यापुढे माझा युक्तिवाद टिकत नाही.

रेंजवर मला अजून येऊ देतात. फक्त फाटकाशी आता दोन तपासण्या होतात, एक ताईच्या बंदुकीची आणि एक माझ्या खिशांची. बंदूक रिकामी आहे हे ताईने एकदा दाखवलं की म्हात्रे सर मान डोलावतात. मला मात्र खिसे उलटे करून झटकायला लावतात, आणि तरी वर विचारतात, "मुठीत काय हाय?"