मागून आणलेल्या चकत्या

मोठ्या काकू गेल्या त्याच वर्षी मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला आणि दादाचं दफ्तर भोपाळला हललं. तो पुढे गेला. वहिनीला दिवस गेले होते आणि माहेरी आई नव्हती, म्हणून ती उज्जैनला आमच्याजवळ राहिली. तिची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. त्यामुळे या खेपेला घरात सगळेच जपून बोलत.

काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. फार लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. आमच्याकडे मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले ती त्यांनी वडिलांशी भांडून मला कॉलेजात घातलं म्हणून. त्यांच्यामागे त्यांचा पत्र्याचा एक डबा माझ्याकडे आला. त्यात कापडाच्या चकत्या होत्या. वाटी ठेवून गोल कापायचा, कडेने धावदोरा घालून ओढायचा, की चुण्या पडतात, तोंड मध्ये मिटतं आणि चपटं फूल तयार होतं. दुपारभर त्यांचा हाच उद्योग असे. आई म्हणाली, "बाळासाठी दुपटं कर यांचं. वाया नको जायला."

मी चकत्या एकमेकींना जोडायला बसले. वहिनी शेजारी मटार सोलत होती. तिने एक जांभळी चकती उचलली, उलटसुलट केली आणि मटार तसेच टाकून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लग्नातली साडी होती. आतल्या टोकाला, नेसताना खोचलं जातं तिथे, तळहाताएवढा तुकडा कापलेला होता. कड दुमडून नीट शिवलेलीसुद्धा होती.

"हे केव्हा कापलं त्यांनी?" वहिनीने विचारलं. "माझी मुलगी गेली त्याच्या आधी की नंतर?"

कुणालाच सांगता येईना. ट्रंकेतल्या कपड्यांना ऊन दाखवायचं काम काकूंकडेच असे.

त्यानंतर त्या डब्याकडे बघायची आमची नजरच बदलली. आईला तिच्या जुन्या इरकलीची चकती सापडली, मला माझ्या परकराची. करणी-टोटक्यासाठी बाईच्या कपड्याचा तुकडा कापून नेतात हे आमच्या गल्लीत लहान मुलालाही ठाऊक होतं. मी पदवीधर, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी मनात पाल चुकचुकली. एका चकतीचा दोरा मी उसवून पाहिला. आत लवंग निघाली, टोटक्यात घालतात तशी. कसर लागू नये म्हणून घातली असेल, असं मी म्हटलं. वहिनी लांब सरकली.

"कसर लागू नये म्हणून एक लवंग?" ती म्हणाली. "डब्यात मूठभर नसत्या का टाकल्या?"

शेजारच्या जीजी ताक न्यायला आल्या त्या चकत्यांपाशीच थबकल्या. "ये तो मेरे लुगड़े की छींट है! पिछले कार्तिक में भैरवगढ़ से लाई थी. भाभी, ये क्या चल रहा है तुम्हारे घर में?"

मागच्या कार्तिकात, म्हणजे मुलगी गेल्यानंतर. निदान हा तुकडा तरी नंतरचा होता. आईने ती छापील चकती हातात घेतली.

"मूल राहत नाही त्या घरी पुढच्या बाळाला मागून आणलेल्या कापडाचं घालतात," ती म्हणाली. "चार घरची कापडं. जाऊबाईंना तेच करायचं असेल."

"तो माँग लेती," जीजी म्हणाल्या. "मैं मना करती क्या?"

"मना केलं असतंत, जीजी. हळदीकुंकवाला तरी कधी बोलावलंत त्यांना? बाळासाठी म्हणून त्या दारात आल्या असत्या, तर तुम्ही कापड दिलं असतंत?" आईने विचारलं.

जीजींनी ताकाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं.

"मागितलेलं चालतं, आई," वहिनी म्हणाली. "चोरलेलं चालतं का?"

दुसऱ्या दिवशी आईने चकत्या ताटात मांडल्या, मला बरोबर घेतलं आणि गल्लीत दारोदार निघाली. "यात तुमची कुठली ती घ्या. आता आमच्या बाळासाठी मला द्या." बायका आपापलं कापड ओळखत, काही हसत, काही आईच्या तोंडाकडे रोखून बघत. एकीने सरळ सुनावलं, "नुसता तुकडाच नेला होता ना तुमच्या जाऊबाईंनी? आणखी काही नाही?" दिल्या मात्र सगळ्यांनी. जीजींनी तर ताटात वर थोडे तांदूळ घातले.

एक हिरवी चकती उरली. रेशमी, विटलेली. ती कुणाचीच नव्हती. आईला वाटलं, काकूंच्याच लग्नातली असावी.

"मग ती मागायची कुणाकडे?" वहिनी म्हणाली. "नकोच ती." थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं, लाव. पायाशी लाव, अगदी कडेला."

मुलगा झाला. दुपटं अंथरताना वहिनी ती कड रोज आत दुमडून घेई. बाळाच्या पायाला हिरवं लागू नये, इतकंच बघे. बारसं झालं, सव्वा महिना झाला, तरी तिची सवय सुटली नाही. मीही घडी घालताना ती कड तशीच दुमडून ठेवत असे. तिची पहिली मुलगी गेली तेव्हा मी घरातच होते.

दादा दोघांना न्यायला आला. आम्ही स्टेशनवर पोहोचवायला गेलो. गाडीला उशीर होता आणि फलाटावर गार वारा सुटला होता. बाळ पाय झाडून झाडून उघडं पडत होतं. वहिनीने दोनदा शालीने झाकून पाहिलं; शाल सरकली. मग तिने दुमडलेली कड उलगडली, बाळाच्या पावलांभोवती घट्ट गुंडाळली आणि वरून हात ठेवला. गाडी येईपर्यंत तिने तो काढला नाही.