दोनदा पुढे गेलेलं घड्याळ

आमचं रेडिओ स्टेशन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेलं आहे. बॉम्ब पडले तरी आवाज बंद पडू नये म्हणून भिंती हातभर जाड आणि खिडकी एकही नाही. बॉम्ब काही पडले नाहीत. युद्ध संपलं, स्टेशन या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी आमच्यासारख्या हौशी लोकांकडे आलं. दर रविवारी अकरा ते बारा ते मराठीचं असतं.

आत शिरलं की बाहेरचं सिडनी विरघळून जातं. ऊन आहे की पाऊस, काही कळत नाही. आपणच बोललेलं वाक्य पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. त्या खोलीत वेळ सांगणारी एकच गोष्ट होती, भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ. त्या घड्याळापायी मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावला. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

ते पश्चिम सिडनीत, टूनगॅबीला राहायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पुण्यात बँकेत नोकरी झालेली, आवाज मात्र असा की त्यांनी हवामान वाचलं तरी ऐकत राहावं. काकू शेवटची सहा वर्षं सगळं विसरत गेल्या. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग काका. त्यांचं सगळं काकांनीच केलं. काकू गेल्यावर ते स्टेशनवर येऊ लागले. किल्लीचं घड्याळ त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

आम्ही बाकीचे कामाला यथातथाच. क्वेकर्स हिलच्या एक ताई, पेशाने नर्स, वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायच्या. मी इंजिनिअर असल्यामुळे यंत्रं माझ्याकडे, म्हणजे यंत्रांचे घोटाळेही माझ्याकडे. एकदा श्रद्धांजली वाचताना टेबलावरचे आमचे पाचही फोन एकदम थरथरू लागले आणि दिवंगतांना ताशा वाजवून निरोप दिल्यासारखं झालं. तेव्हापासून नियम झाला. फोन बाहेरच्या पॅसेजमध्ये, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे जातात. फोन आपोआप बदलतो की नाही, यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो आणि दर वर्षी कोणीतरी चुकतं. म्हणून स्टेशनवर एकच कायदा: भिंतीवरचं घड्याळ खरं. शनिवारी दुपारी दोन वाजता शेवटचा कार्यक्रम संपला की काका ते एक तास पुढे करून ठेवायचे. मला मात्र वाटायचं, ते रविवारी सकाळी येऊन लावतात. पुढे सकाळपर्यंत कॉम्प्युटर गाणी लावतो, त्याला भिंतीकडे बघायची गरज नसते.

त्या शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारनंतर, मी एका मुलाखतीची काटछाट करायला गेलो. एकटाच होतो, फोन डब्यात. कानात एका बाईंचा आवाज, नाशिकच्या द्राक्षांबद्दल बोलत असलेला, आणि मी त्यात बुडून गेलो. वर पाहिलं तर सहा वाजले होते. इतका वेळ कसा गेला याचं नवल वाटलं, पण त्या खोलीत वेळ तसाच जायचा. निघताना सुचलं, काकांना उद्या स्टुलावर चढावं लागेल, त्यापेक्षा आपणच करू. मी काटा पुढे सरकवला. सात. बाहेर आलो तर लख्ख ऊन. एरवी या दिवसांत सहाला दिवे लागलेले असतात. मला वाटलं, उन्हाळा जवळ आला. घरी बायको म्हणाली, "आज इतक्या लवकर?" तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी आम्ही तयारीसाठी दहाला जमलो, तर आतल्या घड्याळात अकरा वाजत आलेले.

"अगं बाई! माझ्या फोनमध्ये तर दहा," ताई म्हणाल्या.

"फोन बदलला नसेल, ताई. भिंतीवरचं खरं," मी म्हणालो. हे मीच म्हणालो.

आत माल्टाचे एक आजोबा अकॉर्डियनची गाणी लावून डोळे मिटून बसले होते. त्यांचा कार्यक्रम आत्ता कुठे सुरू झाला होता. आम्ही काच ठोठावली, घड्याळाकडे बोट दाखवलं. ते दचकले, "सॉरी, सॉरी" करत अर्ध्या गाण्यात उठले आणि रेकॉर्ड छातीशी धरून निघून गेले. काकांनी माइकवर सांगितलं, "नमस्कार मंडळी, सकाळचे अकरा वाजले आहेत." पश्चिम सिडनीतल्या तमाम मराठी घरांत तेव्हा दहा वाजले होते.

तासाभराने आम्ही "शुभ दुपार" म्हणून निरोप घेतला. पुढच्या कार्यक्रमाचं कोणीच येईना. मॅनेजरबाई आल्या, हातात फोनचा डबा. डबा सतत वाजत होता. आजोबाही त्यांच्यामागे उभे होते, आपली काही चूक नव्हती हे आता कळलेले. हसण्याचा जो लोट उठला, तो बराच वेळ थांबेना. ताई तर खाली बसून हसत होत्या.

"हू डिड द क्लॉक?" मॅनेजरबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"मी," काका म्हणाले. "काल दोन वाजता."

"काका, दोनदा लावलंत की काय?" ताई म्हणाल्या. "डबल डोस!"

पुन्हा हशा. त्या हशात मला कालचं ऊन आठवलं, बायकोचं "इतक्या लवकर" आठवलं, आणि सगळं कळलं. मी तोंड उघडलंही. पण त्याच वेळी कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी हसलो. इतरांसारखाच.

काका हसत नव्हते. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "एकदाच लावलं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बहुधा."

मॅनेजरबाई म्हणाल्या, नो वरीज, असं होतं. सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. जाताना काकांनी स्टेशनची किल्ली टेबलावर ठेवली. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो.

"काकूचं असंच सुरू झालं होतं रे," ते म्हणाले. "एकच गोष्ट दोनदा करायची. आमटीत दोनदा मीठ."

मी म्हणालो, "काका, काहीतरीच काय."

एवढंच. सांगायला तेव्हा अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

पुढचा रविवार आला, काका आले नाहीत. मग कळलं, त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मग कळलं, मेलबर्नला मुलीकडे ट्रुगानिनाला जाणार. निरोपाला आम्ही केक कापला. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी गप्प बसल्याचे मागचे सगळे दिवस त्या सांगण्यात मिसळले जायचे. एका चुकीची कबुली देणं सोपं असतं. गप्प बसल्याची कबुली द्यायला शब्द सापडत नाहीत.

शेवटी दोन वर्षांनी मी गेलो. नव्या घरांची लांबच लांब रांग, सगळी सारखी, वर प्रचंड आकाश. काका मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. कुठल्या बाजूने काटा फिरवला, तेही सांगितलं.

ते कुंपणाकडे बघत म्हणाले,

"म्हणजे मी एकदाच लावलं होतं."

"हो, काका."

"दोन वर्षं मी रोज तो शनिवार आठवून बघतोय. स्टुलावर चढलो, काटा फिरवला, उतरलो. दुसऱ्यांदा चढल्याचं आठवेचना. वाटायचं, तेच तर विसरलोय."

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, माझ्या खांद्यावर ठेवतील. त्यांनी माझा आधार घेऊन स्वतःला खुर्चीतून उठवलं.

"आत चल. हे माझ्या मुलीला सांग. आणि इंग्रजीत सांग, नातीलाही कळू दे."

मी स्वयंपाकघरात उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. नऊ-दहा वर्षांची नात ऐकत होती. "सो आबा वॉज राइट?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "देन व्हाय डिडन्ट यू टेल हिम?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मला सोडवलं नाही.

"आय वॉज स्केअर्ड," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ओट्यावर वारांची नावं लिहिलेला गोळ्यांचा डबा होता. मुलगी त्यात आठवड्याच्या गोळ्या भरता भरता थांबली होती. काकांनी तो तिच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि टेबलाशी बसले.

"उद्यापासून माझ्या गोळ्या मी भरणार," ते म्हणाले आणि सोमवारचं झाकण उघडलं.