इंडेक्स आहे, पण वापरते कोण!

कॉम्प्युटरवाल्यांचे किस्से घडत असतात तेव्हा कुणी हसत नाही. मग वर्षं जातात, चहाला जुनी माणसं जमतात आणि एकातून दुसरा निघत जातो. आमचे बहुतेक मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रातले. दिवस वाईट होते. भाव पडलेला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि त्या रांगेचे नंबर आमच्या कॉम्प्युटरात. आत मी, पुसदचे प्रोग्रामर सलीमभाई आणि ऑपरेटर वंदनाताई.

*

जुन्या प्रोग्राममध्ये गाड्यांच्या यादीचं जे टेबल, त्यातल्या ओळीचा क्रमांक, म्हणजे रो-नंबर, हाच गाडीचा नंबर! एक जण कंटाळून गाडी परत घेऊन गेला. वंदनाताईनं त्याची ओळ काढली आणि मागचे सगळे नंबर सरकले. शेतकऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर एक, स्क्रीनवर दुसराच.

खिडकीवर गर्दी उसळली. "बाई, माहा नंबर कोणाले देल्ला?"

सलीमभाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी प्रत्येक गाडीला कायमचा नंबर मिळाला, तेव्हा कुठे खिडकी मोकळी झाली.

*

मग त्या नंबरावर इंडेक्स केला, म्हणजे सगळं टेबल न चाळता गाडी थेट सापडावी.

"आता पाहा ताई, बटन दाबलं की गाडी हाजिर!"

ताईनं बटन दाबलं. चहा आला. चहा संपला. गाडी काही आली नाही!

*

केंद्रप्रमुख साहेबांना वरून सारखे फोन. सलीमभाई घाबरत म्हणाले, "साहेब, इंडेक्स आहे, पण ऑप्टिमायझर वापरूनच नाही राह्यला."

"हा कोण? वरच्या कोणाचा माणूस आहे का?"

"माणूस नाही साहेब. माहिती कोणत्या वाटेनं शोधायची, हे ठरवणारा डेटाबेसचाच भाग आहे."

साहेबांनी घाम पुसला. "मंग त्याले समजावून सांगा ना!"

*

एक कारण सापडलं. नंबर टेबलात अक्षरं म्हणून साठवलेला आणि आम्ही विचारत होतो आकडा म्हणून. मशीन दर ओळीतली अक्षरं आकड्यात बदलून पाहत बसे, इंडेक्स बाजूलाच.

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी उर्दूत विचारून राह्यलो, अन् ते मराठीत शोधून राह्यलं!"

*

आणि हा त्यानंतरचा. आभाळ भरून आलं, बाहेर कापूस उघडा, आणि स्क्रीन पुन्हा अडली!

सलीमभाईंनी खोदून पाहिलं. टेबलात ओळी किती, याची मोजणी सीझनच्या आधी झालेली, टेबल रिकामं असताना. ऑप्टिमायझर अजून तेच धरून बसलेला. रिकाम्या टेबलाला इंडेक्स कशाला? आता मोजणी पुन्हा करायची, आणि तोवर काम बंद.

"बंद? आता?" साहेबांचा आवाज फाटला.

"नाही केलं तर असंच अडत राहीन, साहेब."

साहेबांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. सलीमभाईंनी बटन दाबलं. मोजणी झाली, नंबर धावू लागले, आणि शेवटची गाडी शेडखाली शिरली तेव्हा थेंब पडत होते.

मधल्या वेळात बाहेर काय झालं, ते वंदनाताईनं नंतर सांगितलं. ती रांगेला समजवायला गेली होती. "बाबा, जरा थांबा. मशीनले वाटून राह्यलं का इथं कोणीच नाही. आता मोजून राह्यली."

पुढच्या बैलगाडीवरचा म्हातारा उभा राहिला. त्यानं मागं लांबवर गेलेल्या रांगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काहून? आम्ही दिसत नाही का तिले?"