भाचीने तपासलेली पिशवी

घाटंजीजवळच्या आमच्या तांड्यात गांजा आला आणि माझ्या बहिणीचा मोठा मुलगा त्या नशेत वाया गेला. तेव्हा त्याची धाकटी बहीण मला म्हणाली, "मामा, मले पोलीस भरतीले उभं राहायचं हाय." कापूस वेचणाऱ्या घरात बूट आणि खुराक आणायचा कुठून? पण त्याच सुमारास सरकारने आमच्यासारख्या गावांतल्या पोरापोरींसाठी खर्च उचलून भरतीच्या तयारीचं निवासी शिबिर सुरू केलं. ती तिथे राहिली, धावली आणि भरती झाली.

गेल्या हिवाळ्यात मी एसटीने गावी येत होतो. नाक्यावर गाडी थांबवून पोलीस चढले. त्यात ती होती. मी हसलो.

"मामा, पिशवी उघडा."

"अवं, मी हाय ना."

"तुमची सोडली, तर बाकीच्यांची कोणत्या तोंडानं पाहू?" ती हळूच म्हणाली.

मी उघडली. तिने तळापर्यंत हात घालून पाहिलं आणि पुढे गेली. मागच्या सीटवरच्या माणसाच्या गाठोड्यात गांजा निघाला. आवाज न चढवता, त्याचं मनगट धरून तिने त्याला खाली उतरवलं. विंचू दिसला की माझ्या खांद्यावर चढणारी पोर ती हीच. गाडी सुटली तरी मी खिडकीतून मागेच बघत राहिलो.