रंगाऱ्याचा ओटा

माझा दादा रंगारी. दुसऱ्याच्या भिंतीवर एक ओघळ दिसला तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही, पण स्वतःच्या घरात प्यालेला कप जिथल्या तिथे टाकून उठायचा. आजवर ते खपलं, कारण वहिनी शिवणकाम सांभाळून सगळं निस्तरायची. मग तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, हात भरून येईपर्यंत घासणं-पिळणं बंद, नाहीतर कात्री विसरा. कात्री गेली तर वहिनीला काय उरणार?

"मी बघतो स्वयंपाकघर. त्यात काय एवढं!" दादा म्हणाला. मी शेजारीच राहते, म्हणजे डोक्याला ताप माझ्याच.

या शहाण्याने काय करावं? रंगकामाला फरशीवर पसरतात तशी जुनी वर्तमानपत्रं अख्ख्या ओट्यावर अंथरली आणि कडेने चिकटपट्टी मारली. "सांडू दे काय सांडायचं ते. शेवटी कागद गुंडाळला की काम फत्ते!" आठवडाभरात तेल, दूध, चहा खाली झिरपून कागद असा चिकटला, की दगडावर बातम्या उलट्या उमटल्या. सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. आणि हा पठ्ठ्या भिंत खरवडायची पट्टी घेऊन ओटा खरवडतोय! मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाबरोबर आत शिरले तर वहिनी सिंकपाशी. उजव्या हातात घासणी, बँडेज चिंब.

"अगं, हात जाईल तुझा!" दादा ओरडला.

"जाऊ दे! मला ही घाण बघवत नाही," म्हणून ती रडायलाच लागली.

एक टाका ताणला गेला होता. दादाचं तोंड एवढंसं झालं, पण मी त्याला सोडला नाही.

"सांडलं की तेव्हाच पुसायचं. चहा उकळेपर्यंत दोन भांडी विसळायची. कढई रिकामी झाली की लगेच पाणी ओतायचं. ब्रश कधी वाळू देतोस का?"

"ब्रशचं वेगळं असतं."

"काही वेगळं नसतं!"

शिकला एकदाचा. पण मग माझाच जाच सुरू झाला. माझ्या घरी येऊन माझ्या ओट्यावरून बोट फिरवतो आणि वर मलाच सांगतो, "ओलं फडकं चुरगळून ठेवू नये, वास येतो." तळपायाची आग मस्तकात गेली माझी! तरी त्याचं सिंक रिकामं असायचं, हे कबूल करावंच लागेल.

बँडेज निघालं. हात सुधारलाय, कामाला लागा, असं डॉक्टर म्हणाले. घरी येताच दादा स्वयंपाकघराच्या दारातून बाजूला झाला आणि लखलखीत ओटा दाखवत म्हणाला, "ये, सांभाळ तुझं राज्य."

वहिनी आत गेलीच नाही. शिलाई मशीनवरची चादर काढून तिने कात्री उचलली, हवेत चालवून पाहिली.

"माझं राज्य इथे आहे," ती म्हणाली. "ओटा तुम्ही छान ठेवलाय. तसाच ठेवत जा."

दादाने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीसमोर बसले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.