राबात गेलेला मोगरा

दारातला मोगरा मी लावला तो नवरा गेल्यानंतर. आधी लावला असता तर कुणाची जीभ हलली नसती. किन्हवलीला माहेर, तिथून फांदी आणली, पडवीसमोर खोचली. ती तरारली तसं गावात सुरू झालं, हिला आता फुलं कशाला? सासूबाईंनी बजावलं, देवाला वाहण्यापुरतीच तोड. थोरले दीर म्हणाले, त्यापेक्षा मिरच्या लाव. मी ऐकून घेतलं आणि मोगऱ्यालाच शेणखत घातलं.

मोगऱ्याची एक खोड असते. लाड केले की नुसता पाला माजतो. बहर हवा तर थंडीत पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, काड्या उघड्या ठेवायच्या. जीव तुटतो, पण करावं लागतं. मी तेच केलं आणि माहेरी जाऊन आले.

येऊन बघते तर दारात नुसता खुंट! दिरांनी कोयत्याने बुडातून साफ केलेला. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या जागी फांद्या-पाला रचून जाळतात, तो राब. त्या राबाच्या ढिगावर माझा मोगरा पडला होता. जाब विचारला तर म्हणाले, वाळून मेलेला, राबाला तरी लागेल. भातवाला माणूस, पाणी तुटलं म्हणजे मेलं, एवढंच ठाऊक. खरंच चुकले असतील. पण चुकताना त्यांना बरं वाटलं असणार, हे मी आजही म्हणते.

रडले. रागाने रडले. मग खुंटाभोवती आळं केलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी घालायला लागले. मेलेल्याला पाणी पाजते म्हणून हसले सगळे. हसा म्हटलं, दात तुमचेच आहेत. होळीच्या सुमारास खुंटातून कोंब फुटले, एक नाय, झुबकाच. वैशाखात असा लगडला की वास पार रस्त्यापर्यंत. छाटणी मी करणारच होते. दिरांनी जरा जास्त केली, एवढंच.

टोकावड्याला भाचीची हळद होती. सकाळीच कळ्या तोडल्या, गजरा ओवला आणि केसांत माळला. सासूबाई चुलीकडे बघत राहिल्या. अंगणात दीर उभे होते.

"हा कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "तुमचा भाऊ गेला, भाऊजी. मी नाय गेले."

आणि एसटी धरायला रस्त्याकडे चालू लागले.